पाऊण तासाचा आवाज

सकाळी साडेनऊला फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि पहिली पाच मिनिटं ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. दादा नेहमीच्या पट्टीत ओरडत होता, बारक्या त्याहून वरच्या पट्टीत उत्तर देत होता आणि काउंटरमागे बसलेली त्यांची बहीण अक्का दोघांनाही "जरा हळू" असं ओरडून सांगत होती. आइस्क्रीमचा कोन हातात घेता घेता एका गिऱ्हाइकाने भीत भीत विचारलं, "काही झालंय का घरात? मी नंतर येऊ का?"

"काही नाही हो," अक्का म्हणाली, "चमचे धुतले का, ते विचारतोय तो."

आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला. समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला आणि परत तिच्याच कानात शिरला. तिने मान वळवली. दुकानाच्या मागच्या बाजूला उभा असलेला सहा दारांचा तो फ्रीझर, बत्तीस वर्षं अखंड घरघरणारा, थरथरणारा, मधूनच खाकरल्यासारखं करणारा, मुका झाला होता.

अण्णांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, तो फ्रीझर एका मासळीच्या गोदामातून उचलून आणला होता. वासाने पहिलं वर्षभर छळलं, आवाजाने जन्मभर. त्या आवाजावर मात करता करता अख्खं घराणं वरच्या पट्टीत वाढलं. दादाची मुलगी चिमणी शाळेत जायला लागली तेव्हा ती हजेरी द्यायची आणि शेजारच्या वर्गातली मुलं दचकून उभी राहायची. बारक्या बोलणी करायला गेला त्या दिवशी मुलीकडच्यांना वाटलं, मुलगा रागावलाय. तरी त्या मुलीने होकार दिला आणि ती या घरची धाकटी सून, सगळ्यांची 'धाकटी' झाली. पुढे सहा महिन्यांत तीही तशीच बोलायला लागली.

पण त्या आवाजाचा एक मोठा उपकारही होता. फ्रीझर आणि भिंत यांच्यामध्ये दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी फट होती. कॉम्प्रेसर तिथेच खाली बसवलेला. तो असा गरजायचा की कानाशी तोंड नेऊन ओरडावं तेव्हा कुठे ऐकू यावं, आणि फटीबाहेर त्यातलं अक्षरही जाऊ नये. त्यामुळे या घरातली प्रत्येक गुप्त गोष्ट त्या फटीत, ओरडून सांगितली गेली होती. वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, दिवस गेल्याचं तिथे सांगितलं. बारक्याने नापास झाल्याचं तिथे सांगितलं, तेही तीनदा. अण्णांनी आपलं दुखणं पहिल्यांदा कबूल केलं ते तिथेच. भिंतीवर पाठीच्या उंचीला एक तेलकट पट्टा उमटला होता. सांगणारे बदलत, ऐकणारी एकच, अक्का. तिने लग्न केलं नाही, ती कुठे गेली नाही, तिने कोणाची बाजू घेतली नाही. अशी माणसं सगळ्यांच्याच सोयीची असतात. "अक्का, जरा मागे ये," एवढं कोणी म्हटलं की ती हातातला चमचा ठेवून मागे जायची.

आज मात्र अक्कालाच कोणाला तरी मागे न्यायचं होतं.

तिच्या पर्समध्ये वाचनालयाचं पत्र होतं. पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर एक बाई हवी होती, अक्काने अर्ज केला, भेटायला बोलावणं आलं. ग्रंथपालांनी शेवटचा प्रश्न विचारला, "इथे हळू बोलावं लागतं. जमेल ना?"

"जमेल की," अक्का म्हणाली, आणि आतल्या खोलीत वाचत बसलेल्या अकरा माणसांनी माना वर केल्या.

तरी त्यांनी तिला घेतलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीघरात नळ बंद करून ती बादलीला हळूच विचारायची, "पुस्तक परत करायचंय का?" पहिले चार दिवस दाराबाहेरून वहिनी "काय हवंय?" म्हणून विचारायची. पाचव्या दिवसापासून विचारेनाशी झाली. देवाशी अक्का लहानपणापासून मनातल्या मनातच बोलत आली होती, त्यामुळे आपल्या आत कुठेतरी एक हळू आवाज आहे याची तिला खात्री होती. तो फक्त बाहेर काढायचा होता. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं कानात घेऊन झाली होती. आता तिला अशी एक जागा हवी होती, जिथे माणसं गप्प बसतात आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही.

पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, शनिवारी पाचच्या आत येऊन सही करा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला देऊ. आज शनिवार होता. घरात कोणालाच पत्ता नव्हता. दहा वाजता वहिनीला मागे न्यायचं, तिच्या कानात सगळं सांगायचं आणि बाकीच्यांना तिच्याकडून कळू द्यायचं, असं अक्काने ठरवलं होतं. आणि साडेनऊला कॉम्प्रेसर गेला.

मेकॅनिक आला तो अंगापिंडाने बारीक आणि आवाजाने त्याहून बारीक. त्याने फ्रीझर हातभर पुढे ओढायला लावला, मागे वाकून मीटर लावला, तारा सोडल्या, परत लावल्या आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला?" दादाने विचारलं.

"कॉम्प्रेसर जळालाय म्हणतोय," बारक्याने ओरडून सांगितलं. "बदलावा लागेल."

"तसलाच दुसरा घाला."

मेकॅनिकने मान हलवली. "आता तसला येत नाही काका. नवीन येतो. छोटा असतो, वीज कमी खातो, आवाज करत नाही."

"काय म्हणाला?"

"आवाज करत नाही म्हणतोय."

"आवाज करत नाही म्हणजे?" दादा म्हणाला. "मग तो चालू आहे हे कळणार कसं?"

इथून दोन तट पडले. भंगारवाल्याकडे जुना कॉम्प्रेसर शोधावा असं दादाचं म्हणणं, नवाच आणावा असं बारक्याचं. मागच्या वर्षी पाटीचा रंग ठरवताना हे दोघं असेच भांडले होते, पण तेव्हा बायका आपापल्या नवऱ्यांकडून होत्या. आता वहिनी उठून दिराच्या बाजूने उभी राहिली आणि धाकटीने भावोजींची बाजू धरली. चिमणी म्हणाली, तिला काही फरक पडत नाही. मग सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं.

"नवा आणा," अक्का म्हणाली. "आइस्क्रीम काही आपल्यासाठी थांबणार नाही."

"तू पण?" दादा म्हणाला. आणि बराच वेळ तिच्याकडे नुसता बघत राहिला. नवीन कॉम्प्रेसरवरून एवढं वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, ते अक्काला कळेना.

मेकॅनिकने जाताना एकच सूचना दिली, फ्रीझरची दारं उघडू नका. बंद राहिली तर माल संध्याकाळपर्यंत टिकेल. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत बारक्याने तीनदा दार उघडून माल टिकतोय का ते पाहिलं. चौथ्या वेळी धाकटीने सहाही दारांना चिकटपट्ट्या लावल्या, समोर स्टूल टाकलं आणि हातात मोठा डाव घेऊन बसली.

मेकॅनिक नवा कॉम्प्रेसर घेऊन आला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्याने जुन्यातला गॅस काढून घेतला, गॅसच्या ज्योतीने जोड तापवून पाइप सोडवले आणि बारक्याच्या मदतीने जुनं धूड बाहेर काढलं. वहिनीने त्याच्यावरची धूळ पदराने पुसली. नव्याला पाहून दादा म्हणाला, "हा? हा तर डब्याएवढा आहे." मग नवे जोड, नवा फिल्टर, पाइपमध्ये हवा भरून कुठे गळतंय का ते साबणाच्या फेसाने बघणं. अक्का घड्याळाकडे बघत होती. एक वाजला. दोन वाजले. तिने दोनदा वहिनीला एका बाजूला घेऊन तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा दुकानातली सगळी माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. या शांततेत काही सांगणं म्हणजे चौकात उभं राहून सांगणं.

साडेतीनला मेकॅनिकने बाहेरून एक पंप आत आणला, त्याची नळी पाइपला जोडली आणि बटण दाबलं.

घर्रर्रर्र.

सगळे जागच्या जागी थांबले. अगदी तसाच आवाज. जरा कोवळा, पण त्याच घराण्यातला.

"काय आहे हे?" वहिनीने ओरडून विचारलं. ओरडताना तिचा चेहरा उजळला होता.

"व्हॅक्यूम पंप," मेकॅनिक म्हणाला. "आतली हवा आणि ओल ओढून काढायची. पाऊण तास चालेल." एवढं सांगून तो चहाचा कप घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला.

पाऊण तास. देवानेच दिलेली वेळ, असं अक्का मनात म्हणाली आणि वहिनीकडे वळली. तेवढ्यात तिच्या दंडाला कोणीतरी धरलं.

"अक्का, जरा मागे ये," बारक्या म्हणाला.

फ्रीझर पुढे ओढल्यामुळे फट आज ऐसपैस होती, तरी नव्वद किलोचा बारक्या सवयीने अंग चोरूनच उभा राहिला. "मला हरायचं होतं," तो तिच्या कानात ओरडला.

"काय?"

"नव्या कॉम्प्रेसरवरून. मी दादाला विरोध करायचा म्हणून केला. तू त्याच्या बाजूने बोलशील अशी माझी खात्री होती. दुपारी मी इथे जुन्या मशीनला पाठ लावून उभ्या उभ्या झोपतो. गरम असतं ना ते. नवा गरम होत नसेल तर मी काय करू?"

"आता मी काय करणार?"

"काही नको. फक्त कोणाला सांगू नकोस."

तो बाहेर पडतो न पडतो तोच धाकटी डावासकट आत शिरली. "अक्का, दारं मी सोडून आलेय, पटकन सांगते. माझ्या आईचं म्हणून मी ते कॉफीचं आइस्क्रीम करते ना, ते आईचं नाही. दुधाच्या डब्यावर छापलेलं आहे. वहिनी मला आईच्या नावाने वर्षभर मान देतायत, मला आता जेवण जात नाही."

"मग सांगून टाक त्यांना."

"वेड लागलंय का? तुम्हाला सांगितलं, झालं."

अक्काने घड्याळाकडे पाहायला मान काढली तर बाहेर चिमणी उभी. रांगेत उभं राहिल्यासारखी, हात बांधून. "आत्या, मला आइस्क्रीम आवडत नाही," ती आत येऊन म्हणाली. "कधीच आवडलं नाही. दात शिवशिवतात. मला सूप विकायचंय. गरम."

"बरं."

"नुसतं बरं काय? तू बाबांना तयार करशील ना? तुझं ते ऐकतात."

चारला दहा मिनिटं होती. आता मात्र अक्का स्वतः बाहेर आली, तिने वहिनीचा हात धरला आणि ओढतच तिला मागे नेलं. "वहिनी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"मलाही," वहिनी ओरडली. "आधी माझं ऐक, नाहीतर राहून जाईल. या घरात माझं कोणी ऐकत नाही गं. तुझा भाऊ नुसता हो हो म्हणतो. भिंतीशी बोलावं आणि भिंतीने मान डोलवावी. काल मी मुद्दाम म्हटलं, उद्या घराला आग लावू का, तर म्हणतो, हो, लाव. तू आहेस म्हणून मी टिकलेय. तू नसतीस तर मी कधीच वेडी झाले असते." तिने पदराने डोळे पुसले. "हं, तुझं काय होतं?"

अक्काने तोंड उघडलं. मिटलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुमचा पदर काळा झालाय, तेवढंच."

वहिनी गेली. अक्का भिंतीला टेकून उभी राहिली. पर्स तिच्या खांद्याला होती. आपण सही करायला जाणार नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तेवढ्यात दादा आत आला. इतक्या वर्षांत दादा मागे आला होता तो फक्त एकदा, अण्णा गेले त्या आठवड्यात.

"तू नव्याच्या बाजूने बोललीस," तो गरजला. "तुला माहीत नाही तू काय केलंस. लोकांना वाटतं, मी मशीनमुळे ओरडतो. मशीनमुळे नाही. माझा डावा कान गेलाय. चार वर्षं झाली. मशीन होतं तोवर निभावलं. कोणी काही बोललं आणि ऐकू नाही आलं, की मशीनकडे बोट दाखवायचं. आता हा मुका आणलात. उद्यापासून सगळ्यांना कळणार."

त्याच क्षणी पायरीवरून परत आलेल्या मेकॅनिकने फटीबाहेर पंपाचा काटा पाहिला, झडप बंद केली आणि पंप थांबवला.

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दादाला पंप थांबलेला ऐकू आला नाही.

"तुझी वहिनी जेवायला डावीकडे बसते," तो त्याच आवाजात म्हणाला. अक्काने हाताने खूण केली. दादाला वाटलं, ती धीर देतेय. "असू दे, बोलू दे मला. चार वर्षं ती काय बोलते, मला ठाऊक नाही. मी अंदाजाने हो म्हणतो. ते पोपटी पडदे मला विचारूनच आणले म्हणते. असेल. म्हटलं असेल मी हो." अक्काने ओठांवर बोट ठेवलं. "नाही नाही, कोणाला ऐकू जात नाही. आणि बारक्याने मागच्या महिन्यात माझे पाय धरून माफी मागितली. रडला बिचारा. कशाबद्दल, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी माफ केलं."

फ्रीझरच्या कडेने चार डोकी एकावर एक डोकावली, तेव्हा दादा थांबला.

पुढची पंधरा मिनिटं कोणी कोणाचं ऐकून घेतलं नाही. बारक्या म्हणत होता, "म्हणजे मी एवढं मन मोकळं केलं ते फुकट?" वहिनी म्हणत होती, "चार वर्षं? पडदे जाऊ देत, पण चार वर्षं?" धाकटीने भावोजींची बाजू सोडून वहिनीची धरली आणि चिमणीने बाबांची. दादा मधोमध उभा राहून एकाचं बोलणं ऐकायला वळायचा तेव्हा दुसऱ्याचं सुटायचं. त्यांच्या पायांमधून वाट काढत मेकॅनिकने गॅसची टाकी आत नेली, वजनकाट्यावर ठेवून मोजून गॅस भरला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"चालू झाला नाही," बारक्या म्हणाला, आणि सगळे गप्प झाले.

"चालू आहे," मेकॅनिक म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचं बोलणं सगळ्यांना एका वेळी ऐकू आलं.

बारक्याने खाली वाकून नव्या कॉम्प्रेसरवर पंजा ठेवला. "थरथरतोय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कोमट आहे." त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

सगळे तसेच उभे राहिले. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्या साखळीची करकर ऐकू आली. पाचला वीस मिनिटं कमी होती. कुठे न्यायला आता मागची बाजू उरली नव्हती आणि थांबायला वेळ उरला नव्हता. अक्काने तोंड उघडलं, आणि न्हाणीघरातला आवाज बाहेर आला.

"मला वाचनालयात नोकरी लागलीय. सोमवारपासून. आज पाचच्या आत सही करायचीय. मी जाणार आहे."

ते एवढं हळू होतं की तिचं तिलाच नवल वाटलं. आणि सगळ्यांना शब्दन् शब्द ऐकू गेला.

"तू?" चिमणी म्हणाली. "वाचनालयात?"

"काउंटर कोण बघणार?" बारक्या म्हणाला.

"कोणी काही बोललं का तुम्हाला?" धाकटीने वहिनीकडे तिरकं पाहत विचारलं. दोघींची युती जेमतेम दहा मिनिटं टिकली.

"मी? मी काय बोलले?" वहिनी म्हणाली.

"कोणी काही बोललं नाही," अक्का तशाच आवाजात म्हणाली. "म्हणजे, सगळेच बोललात. बत्तीस वर्षं. मी सगळं ऐकलं. आता मला थोडं गप्प बसायचंय. राहणार मी इथेच, जेवायला रात्री घरीच असणार. दिवसभर फक्त नसेन."

"मग माझं कोण ऐकणार?" वहिनी म्हणाली. ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती.

"काय म्हणतेय ती?" दादाने विचारलं. तो तिच्याकडे डावा कान करून उभा होता. सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच बोट दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

चौघांनीही ओरडून सांगायला छाती भरून श्वास घेतला. अक्काने हात वर करून त्यांना थांबवलं. ती दादाच्या मागून वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेली, जवळ उभी राहिली आणि तेच सगळं परत सांगितलं. नोकरी, सोमवार, सही, पाच वाजता. आवाज तिने जराही चढवला नाही. वहिनीने काय विचारलं, तेही सांगितलं. दादा मान खाली घालून ऐकत होता.

"वाचनालयात हळू बोलावं लागतं," तो अखेर म्हणाला.

"हो."

"तुला येतं?"

"आत्ता बोलले ना."

दादाने मान डोलावली. अंदाजाने डोलवायचा तशी नाही. "ऐकलं मी," तो म्हणाला. "सगळं ऐकलं." मग वहिनीकडे वळून म्हणाला, "तू जेवायला उजवीकडे बसत जा."

"म्हणजे आता ऐकणार तुम्ही?"

"ऐकू येईल. ऐकेन की नाही, ते बघू."

वहिनीने हसू आवरायला पदर तोंडाला लावला, तो काळा पदर, आणि तिच्या ओठांवर मिशी उमटली. चिमणी हसली, धाकटी हसली, मग कशाला हसताहेत ते न कळताच वहिनीही हसली. अक्का पर्स छातीशी धरून अजून तिथेच उभी होती, कोणीतरी अजून काहीतरी म्हणेल म्हणून थांबल्यासारखी.

"मग उभी काय राहिलीस, निघ," दादा म्हणाला, आणि तो आवाज अक्काच्या आधी चौकात पोहोचला.